देवराईतली टणटणी काढायची तर

टणटणी, म्हणजेच घाणेरी, कोयत्यानं छाटली की रान मोकळं झाल्यासारखं दिसतं. चार पाऊस पडले की त्याच बुंध्यातून आठ-दहा फुटवे निघतात आणि दिवाळीपर्यंत झुडूप पहिल्यापेक्षा दाट होतं. श्रमदानाची बरीच मेहनत अशीच वाया जाते. कोल्हापूर जिल्ह्यात आजरा, भुदरगड, राधानगरी, शाहूवाडी पट्ट्यातल्या देवरायांच्या कडा, पन्हाळा-जोतिबाचे उतार, गायरानं, ओढ्याकाठ, कुठंही जा, ती आहेच. शहरातले काही आणि गावांतले काही असा आमचा गट हे काम करतो. करता करता जे हाताला बसलं आणि जे ध्यानात आलं ते इथं सविस्तर देतोय, आपल्या गावच्या राईत ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. किती जागा साफ करायची हे आज किती माणसं आली यावर ठरवू नका. पुढची किमान तीन वर्षं त्या जागेवर परत परत जाणं कितपत जमेल, त्यावर ठरवा. पाच गुंठे काढून तीन वर्षं राखले तर तिथं रान उभं राहतं. एका रविवारी एकर काढून सोडून दिला तर तिथं टणटणीच परत येते, आणि सोबत रानमोडी हे दुसरं आगंतुक झुडूपही.

टणटणी मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली. १९व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून ती भारतात आणली गेली. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, जगातल्या सर्वांत त्रासदायक १०० आगंतुक जातींच्या यादीत तिचं नाव आहे. बुलबुल, साळुंख्या तिची काळी फळं खातात आणि बिया सगळीकडे टाकतात. फांदी जमिनीला टेकली की डोळ्यावर मुळं धरते. तिच्या दाट सावलीत गवत मरतं आणि झाडांची नवी रोपं वर येऊ शकत नाहीत. पानांतली द्रव्यं जनावरांच्या यकृताला बाधतात. भुकेल्या म्हशीनं पाला खाल्ला तर कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते. अभयारण्यालगतच्या गावांत गवे उसा-भातात उतरतात त्याला कारणं बरीच आहेत, पण चरायचं गवत झुडपाखाली जाणं हे त्यातलं एक.

देवराईचं दुखणं मात्र वेगळं. मधलं जुनं रान दाट असेल तर आत ऊन पोचत नाही आणि टणटणी शिरत नाही. ती कडेनं येते. रस्ता रुंद केला, मंदिरासमोर सभामंडपासाठी जागा मोकळी केली, वाऱ्यानं एखादं मोठं झाड पडलं, की तेवढ्या उजेडात ती बसते आणि मग दरवर्षी थोडी आत सरकते. वनस्पतितज्ज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. आजूबाजूचं रान गेल्यावर तिथल्या मूळ झाडांचं बियाणं उरलंय ते या तुकड्यांत, हे त्यातून नीट समोर आलं. म्हणूनच आम्ही डोंगर सोडून राईच्या कडा आधी धरतो. आतलं बियाणं शाबूत असतं, कड मोकळी केली की ते आपसूक बाहेर येतं.

परवानगी आणि कौल

पहिलं काम सातबारा काढण्याचं. देवराई म्हणजे गावाची, असं आपण धरून चालतो, पण कागदावर ती वनखात्याची असू शकते, महसूलची असू शकते किंवा देवस्थान इनाम असू शकते. जिल्ह्यातल्या कितीतरी देवस्थानांच्या जमिनी पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत येतात. ज्याची जमीन त्याची लेखी परवानगी, आणि ग्रामपंचायतीचा ठराव प्रत्येक वेळी. वनजमीन असेल तर वनक्षेत्रपालांच्या नावानं अर्ज करा. त्यात गट क्रमांक, काढायच्या जातींची नावं, हत्यारं, तारखा आणि माणसांची संख्या लिहा. यंत्र, तणनाशक आणि आग वापरणार नाही, एकही काडी बाहेर नेणार नाही, हे स्पष्ट लिहिलं की अर्ज लवकर हलतो. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव विभागाची माणसं सोबत असल्याशिवाय काहीही करायचं नाही. परवानगीची एक प्रत कामाच्या जागी पिशवीत ठेवा, कारण कोयता-कुदळ घेतलेली अनोळखी माणसं रानात दिसली की कुणीतरी विचारणारच, आणि विचारायलाच हवं.

कागदाइतकंच गावचं ऐकणं महत्त्वाचं. कित्येक रायांत वाळकी फांदीही उचलत नाहीत, काही ठिकाणी चपला बाहेर काढतात, काही ठिकाणी लोखंड आत न्यायला मनाई असते. अशा वेळी गुरवमामांकडं जाऊन बसावं. भुदरगडाकडच्या एका वाडीत मामांनी सरळ सांगितलं, "कोयता आत न्यायचा म्हंजे देवाला इचारायला पायजे." आमच्यातल्या गावच्या पोरानं म्हटलं, "मामा, देवाच्या झाडाला हात न्हाई लावत. ही पाखरांनी आणल्याली टणटणी तेवढी काढतोय. तुम्हीच दाखवा कुठली ठेवायची." मामांनी कौल लावला, उजवा, म्हणजे होकाराचा, मिळाला, आणि मग सगळ्यात आधी तेच आत शिरले. कौल मिळाला नाही तर थांबायचं. राईच्या हद्दीबाहेरची टणटणी काढायला कुणाची ना नसते, आणि बी पसरतं ते तिथूनच.

काय काढायचं नाही

नवख्या माणसाच्या हातात कोयता दिला की तो समोर येईल ते साफ करतो. करवंद, तोरण, शिकेकाई, धायटी, मुरुडशेंग, गेळा, दिंडा ही सगळी त्याला झुडपंच दिसतात. गारंबीचा वेल त्याला झाडाला विळखा घातलेला शत्रू वाटतो. वाळकं खोड दिसलं की ते ओढून बाहेर टाकतो. अशी झाडलोट केलेली राई बागेसारखी स्वच्छ दिसते आणि आतून मरायला लागते. आमच्या मते टणटणीनं जेवढं नुकसान होतं तेवढंच या स्वच्छतेच्या हौसेनं होतं. वाळकं लाकूड, पालापाचोळा, काटेरी वेल, मुंग्यांची वारुळं, सगळं जागच्या जागी राहिलं पाहिजे.

म्हणून काम सुरू करायच्या आधी निदान एक फेरी जाणत्या माणसाबरोबर मारायची. गुराखी चालतो, औषधी झाडपाला ओळखणारी म्हातारी चालते, वनस्पतिशास्त्राचे शिक्षक मिळाले तर उत्तम. शिवाजी विद्यापीठामुळं जिल्ह्यात झाडं ओळखणारी माणसं बरीच आहेत, विचारलं की येतात. या फेरीत ठेवायच्या प्रत्येक रोपाला पांढऱ्या सुती कापडाची चिंधी बांधायची. प्लॅस्टिकची फीत नको, ती वर्षानुवर्षं तिथंच राहते.

फसवणारी रोपं दोन. सागाचं लहान रोप आणि भारंगी. तिघांचीही कोवळी खोडं चौकोनी, पानं समोरासमोर. टणटणीचं पान खरखरीत, चोळलं की उग्र वास सुटतो, आणि खोडावर बोट खालून वर फिरवलं की बारीक वाकडे काटे लागतात. सागाचं कोवळं पान चोळलं की बोटं लाल होतात. भारंगीला ना काटे, ना तो वास. प्रत्येक नव्या माणसाकडून ही तिन्ही पानं एकदा चोळून घ्यावीत. सांगून जे लक्षात राहत नाही ते हाताला कळतं.

कधी

गौरी-गणपती उरकल्यापासून भातकापणी सुरू होईपर्यंत. जमीन ओली असते, कुदळ बसते, मूळ सैल होतं, आणि बहुतेक फळं अजून हिरवी असतात. फळं काळी पडली की ओढाओढीत तीच बी सगळ्या रानात सांडते. भातकापणी लागली की गावची माणसं मिळत नाहीत, आणि दिवाळीनंतर उसाच्या तोडी सुरू झाल्या की विषयच संपला. जानेवारीनंतर जांभ्यावरची माती इतकी कडक होते की मूळ वरच्या वर तुटतं. ऐन पावसाळ्यात, आषाढ-श्रावणात, घाटाकडं जळवा आणि निसरडा उतार, त्यात पाखरांची घरटी झुडपात असतात. त्या दिवसांत फक्त हातानं उपटायची कोवळी रोपं घ्यावीत.

हत्यारं आणि कपडे

तिघांच्या तुकडीला एक कुदळ किंवा टिकाव, एक जाड पात्याचा कोयता, दोन बेळकी आणि खुरपं. बेळकं म्हणजे पाच-सहा फुटांची दुबेळकी काठी, टोकाला वीतभर फाटा असलेली. ती रानात तोडायची नाही, गावातून बांधावरची आणायची. सगळ्यांत मिळून एक पहार, एक करवत, एक कानस. ऊसतोडीचा कोयता बरेच जण आणतात. तो पातळ असतो, उसाला ठीक, टणटणीच्या वाळल्या लाकडावर त्याची धार मुडपते आणि घसरून मांडीवर येतो. लोहाराकडून जाड पाठीचा, नीट पाणी दिलेला कोयता करून घ्यावा. दर तासाला दोन मिनिटं कानस फिरवावी. बोथट हत्यारानं जोर जास्त लागतो आणि जखमा तेव्हाच होतात.

हातमोजे सुती नकोत, काटे आरपार जातात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वेल्डिंगवाल्यांचे कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे मिळतात, ते घ्या. पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, जाड पँट, गमबूट, आणि डोळ्यांना साधा चष्मा तरी. फांदी सुटून तोंडावर बसते तेव्हा चष्म्याचं महत्त्व कळतं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं.

मुळाशी

आम्ही जी पद्धत वापरतो ती दिल्ली विद्यापीठातले सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली आहे. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात ती वापरली गेली. तत्त्व सोपं आहे. टणटणीचे नवे फुटवे खोड आणि मूळ जिथं मिळतात त्या भागातून येतात, त्याच्याखालच्या मुळातून येत नाहीत. म्हणून घाव त्या सांध्याच्या खाली घालायचा.

आधी काठीनं झुडूप चारी बाजूंनी बडवायचं आणि थोडं थांबायचं. ससा, मुंगूस, साप, जे काही आत असेल त्याला जायला एक बाजू मोकळी ठेवायची. मग दोघं जण बेळक्यांनी फांद्या उचलून उताराच्या खालच्या अंगाला रेटून धरतात. तिसरा वरच्या अंगानं वाकून आत जातो. फांद्यांचं जाळं फारच दाट असेल तर कोयत्यानं छाटावं लागतं, पण तेव्हा गुडघ्याएवढा खुंट ठेवायचाच. जमिनीलगत छाटलं तर दोन गोष्टी बिघडतात. बुंधा पाल्याखाली सापडत नाही आणि सापडला तरी ओढायला धरायला काही उरत नाही.

बुंध्याभोवतीचा पाला हातमोजा घातलेल्या हातानं बाजूला करायचा आणि खुरप्यानं माती उकरायची. खोड जमिनीत शिरतं तिथं ते फुगून गाठीसारखं झालेलं दिसतं. जुन्या झुडपात ही गाठ चांगली मुठीपेक्षा मोठी असते, तिच्यावर मागच्या तोडीच्या खुणा आणि बारीक लालसर डोळे असतात. ती गाठ संपते तिथून चार बोटं खाली जायचं. टिकावाचं चपटं पातं तिरकं लावून मुख्य मुळावर घाव घालायचा, एक-दोन घावांत तुटतं. आडवी मुळं वरवरची असतात, खुंट धरून हलवलं की सुटतात. बाहेर आल्यावर झुडूप उलटं करून बघायचं. गाठ अख्खी आहे का? अर्धी फाटून जमिनीत राहिली असेल तर परत उकरून काढायची. सगळ्यात जास्त फुटवे येतात ते या राहिलेल्या तुकड्यांतून, आणि नवखे हीच तपासणी घाईत सोडतात.

शेवटी मुळाची माती तिथंच झटकायची, खड्डा बुजवून पायानं दाबायचा, वर पाला पसरायचा. भुसभुशीत उघडी माती म्हणजे रानमोडीच्या आणि गाजर गवताच्या बियांना आमंत्रण.

दाट जाळीत तिघांची नवखी तुकडी सकाळच्या वेळात साधारण गुंठाभर काढते. सरावानं वेग थोडा वाढतो, फार नाही. कुणी याहून बरंच जास्त काढल्याचं सांगितलं तर जाऊन खड्डे बघावेत. बहुतेक वेळा नुसती छाटणी झालेली असते.

जांभ्याच्या खडकात, कपारीत, मूळ असं निघत नाही. पहारीनं दगड थोडा उचलता आला तर बघायचं. नाहीच जमलं तर शक्य तेवढं खाली तोडायचं, त्या जागेची खूण करून ठेवायची आणि फुटवे वीतभर झाले की मोडत राहायचं. वर्ष-दोन वर्षांत त्या मुळातली ताकद संपते. यावर मीठ, डिझेल, तणनाशक असे उपाय लोक सुचवतात. आम्ही काहीच वापरत नाही. राईच्या पायथ्याला बहुतेक ठिकाणी झरा असतो आणि वाडी त्याचंच पाणी पिते.

झाडावर चढलेली टणटणी खाली ओढायची नाही. तिचे काटे सालीत अडकलेले असतात, ओढलं की जांभळाची, अंजनीची कोवळी फांदी सोबत मोडून येते. खाली मूळ तोडावं, वरचा भाग तसाच वाळू द्यावा. उन्हाळ्यात तो कुरकुरीत होऊन आपोआप गळतो.

कामाची दिशाही महत्त्वाची. सगळ्यात दाट जाळीपासून सुरुवात करावीशी वाटते, कारण तिथं केलेलं काम दिसतं. आम्ही उलटं करतो. जिथं रान चांगलं आहे आणि टणटणीची चार-दोनच झुडपं आहेत तिथून सुरू करून वाईटाकडं सरकायचं. चांगल्या बाजूला सावली आणि बियाणं दोन्ही असतं, तिथली मोकळी जागा लगेच भरून येते. दाट जाळी एकदम उघडी केली तर भर उन्हात ती जमीन परत तणाचीच होते.

तीव्र उतारावर सगळं एका हंगामात काढू नका. आडव्या पट्ट्यांत काढा, मध्ये पट्टा सोडा. गगनबावड्याकडं पाऊस कसा कोसळतो हे वेगळं सांगायला नको, उघडा उतार पहिल्याच पावसात खाली येईल. सोडलेला पट्टा पाखरांना आणि सशांनाही आसरा देतो, दुसऱ्या वर्षी मोकळ्या जागेत देशी झुडपं उठली की मग तो काढायचा.

काढलेल्याचं काय

मूळ आकाशाकडं आणि फांद्या खाली, असं दगडावर किंवा खुंटावर उलटं रचायचं. मुळाला माती लागता कामा नये. जमिनीवर आडवं टाकलेलं झुडूप आठवडाभर पाऊस झाला तर परत रुजतं. ढीग छातीइतक्या उंचीपर्यंतच, मोठ्या झाडाच्या बुंध्यापासून लांब आणि जनावरांच्या वाटेपासूनही लांब. उतारावर हेच ढीग समपातळीत आडवे रचले की माती अडते. पिकलेली फळं असतील तर आधी फळांच्या फांद्या गोणत्यात भरून एका जागी दाबून ठेवायच्या, आणि पुढच्या वर्षी तीच जागा तपासायची.

जाळायचं अजिबात नाही. वनजमिनीत आग लावणं गुन्हा आहेच, पण आगीनं जमिनीतलं देशी बियाणं आणि रोपं मरतात आणि टणटणी बुंध्याच्या गाठीतून सगळ्यांच्या आधी उठते. जाड वाळल्या काठ्या गावातल्या लोकांना कुंपणाला चालतात, जमीनमालकाची हरकत नसेल तर द्याव्यात. कर्नाटकात मलेमहादेश्वर डोंगरातले सोलिगा आदिवासी कारागीर टणटणीच्या काठ्या उकळून, सोलून खुर्च्या आणि चक्क पूर्ण मापाचे हत्ती बनवतात. आपल्याकडं बुरूडकाम करणाऱ्यांनी हे करून बघावं असं फार वाटतं.

रानमोडीचं थोडक्यात. पानावर देठाजवळून निघणाऱ्या तीन ठळक शिरा, चोळल्यावर उग्र वास, काटे नाहीत. मुळं उथळ, ओल्या जमिनीतून दोन हातांनी बुडाला धरून सरळ वर ओढली की निघते. वर धरून ओढलं तर बुडाशी तुटते आणि परत फुटते. तिचं बी म्हातारीसारखं वाऱ्यावर उडतं, त्यामुळं फुलं यायच्या आत, म्हणजे दसऱ्याच्या आसपास, ती निघालीच पाहिजे. उन्हाळ्यात तिची वाळकी ताटं वणव्याला आयतं सरपण होतात.

धोके

घोणस आणि फुरसं दोन्ही या झुडपांच्या बुडाशी असतात, घाटाकडं चापडाही. हात घालायच्या आधी काठी घालायची, हा नियम कुणासाठीही सैल करायचा नाही. साप चावला तर पट्टी आवळणं, चिरणं, चोखणं काहीही नाही. माणसाला झोपवून, चावलेला अवयव न हलवता, १०८ ला फोन आणि थेट रुग्णालय. कामाच्या आधीच जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का ते विचारून ठेवा. नाहीतर कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठायचं, आणि त्यासाठी एक गाडी तोंड रस्त्याकडं करून उभी ठेवायची.

गांधीलमाशीचं पोळं झुडपाच्या मधोमध, कमरेच्या उंचीवर असतं. बडवताना दोन-तीन माश्या घिरट्या घालताना दिसल्या तर ते झुडूप सोडून द्या. खाजकुइलीच्या शेंगा दिवाळीनंतर वाळतात, वाऱ्याच्या दिशेला उभं राहू नका, कूस लागलीच तर चोळू नका, शेण किंवा ओली माती फासून वाळल्यावर झाडून काढा. डिसेंबरपासून गोचिड्या वाढतात. शेजारच्या सिंधुदुर्गात गोचिड्यांमुळं होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत, त्यामुळं माकड मेलेलं दिसलं तर तिथून निघायचं आणि वनखात्याला कळवायचं. घरी गेल्यावर कपडे गरम पाण्यात आणि अंग नीट तपासून.

परत जाणं

पहिली फेरी पाच-सहा आठवड्यांनी. राहिलेल्या गाठींतून फुटवे वीतभर झालेले असतात, हिरवेगार असल्यामुळं लांबून दिसतात. ते नुसते खुडायचे नाहीत, खाली उकरून गाठ काढायची.

दुसरी फेरी जूनअखेर-जुलैत, आणि ही चुकली तर सगळंच चुकलं. जमिनीतलं कित्येक वर्षांचं साचलेलं बी उजेड मिळाल्यामुळं एकदम उगवतं. हातभर जागेत वीस-पंचवीस रोपं, दोन-दोन, चार-चार पानांची. या वयात ती दोन बोटांनी मुळासकट येतात. लहान मुलांनाही हे काम जमतं आणि आवडतं, शाळेचं एक पथक सकाळभरात मोठी जागा हातावेगळी करतं. हीच रोपं सप्टेंबरपर्यंत सोडली तर कमरेला लागतात आणि मग परत कुदळ.

उंबर, जांभूळ, पांगारा, विजेच्या तारा, जिथं पाखरं बसतात त्याच्या खाली प्रत्येक फेरीला बघायचं. शेजारच्या बांधावर टणटणी असेल तोपर्यंत बी येतच राहणार. म्हणून त्या बांधाच्या मालकाशी बोलणं हाही कामाचाच भाग. बहुतेक शेतकरी हो म्हणतात, त्यांनाही ती नकोच असते, माणसं मिळत नाहीत एवढंच.

पहिल्या पावसाळ्यात मोकळ्या जागेत गवत, तेरडा, कुर्डू, टाकळा येतो. हे बघून काही जण निराश होतात. ते येऊ द्यावं, त्यानं जमीन झाकली जाते. नीट बघितलं तर त्याच्या खाली टणटणीनं वर्षानुवर्षं दाबून ठेवलेले जुने खुंट दिसतात, ऐनाचे, हिरड्याचे, कुंभ्याचे, गेळ्याचे. त्यांना उजेड मिळाला की धुमारे येतात. अशा प्रत्येक खुंटाभोवती हातभर जागा खुरप्यानं मोकळी करायची, शेजारी चुना लावलेली काठी रोवायची आणि त्यातले दोन-तीन जोमदार धुमारे ठेवून बाकी काढायचे. मुळं आधीच खोल गेलेली असल्यामुळं हे लावलेल्या रोपापेक्षा कितीतरी लवकर वाढतात, आणि पाणी घालावं लागत नाही.

म्हणून पहिल्या वर्षी झाडं लावू नका. वृक्षारोपणाचा आग्रह सगळ्या बाजूंनी होतो, रोपंही फुकट मिळतात, पण ती बहुतेक गुलमोहर, सुबाभूळ, गिरीपुष्प अशी असतात. सुबाभूळ राईत घालणं म्हणजे टणटणीच्या जागी दुसरं आगंतुक बसवणं. दोन पावसाळे झाल्यावरही एखाद्या तुकड्यात काहीच उठलं नाही, तरच लावायचं, आणि त्याच राईतल्या किंवा शेजारच्या राईतल्या बियांपासून केलेलं रोप. जांभळाची बी पडल्या पडल्या ताजी लावावी लागते, वाळली की उगवत नाही. हिरडा-बेहड्याच्या बिया उन्हाळ्यात गोळा करून भिजवून लावता येतात. कडेला करवंद आणि शिकेकाई लावली तर काटेरी कुंपण तयार होतं, जनावरं आत शिरत नाहीत आणि बाजूचं ऊन अडतं.

माणसांबद्दल एकच. दर पाच जणांमागे एक जाणता हवा. शंभर विद्यार्थी एकदम आले तर हत्यारं पुरत नाहीत, रोपं तुडवली जातात. त्यापेक्षा त्यांच्या वीस-वीसच्या तुकड्या वर्षभरात वाटून घ्याव्यात, आणि त्यातली मोठी तुकडी जुलैला ठेवावी.

प्रत्येक तुकड्याची एक वही ठेवतो. कोणत्या महिन्यात काढलं, कुठल्या कपारीत मूळ राहिलं, फेरीत किती फुटवे आणि किती नवी रोपं निघाली, चुन्याच्या काठ्या किती आणि त्यातल्या किती जिवंत. शिवाय एकाच दगडावर उभं राहून दर सप्टेंबरला एक फोटो. तिसऱ्या पावसाळ्यानंतर फेरीत मूठभरच रोपं निघायला लागली आणि चुन्याच्या काठ्यांशेजारचे धुमारे डोक्याच्या वर गेले, की त्या तुकड्याला वर्षाला एक जुलैची फेरी पुरते. तेवढी माणसं मोकळी झाली की पुढचा तुकडा घ्यायचा.